जोतिबाचा फोटो आणि 'धर्म' नावाचा एकच रकाना

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेचा एक तरी फोटो तुमच्या फोनमध्ये असणारच. वाडी रत्नागिरीचा डोंगर, उंच सासनकाठ्या, गुलालानं गुलाबी झालेलं आभाळ. आज मी त्या गुलालाखालच्या दगडाबद्दल बोलणार आहे. आणि देवाकडे कॅमेऱ्यातून कसं बघावं हे ज्याच्याकडून शिकता येईल, अशा एका माणसाबद्दल.

आधी थोडं मागे जाऊ. १८५५ साली मुंबई सरकारनं तोफखान्यातल्या थॉमस बिग्ज नावाच्या अधिकाऱ्याला जुन्या वास्तूंचे फोटो काढायचं काम दिलं. विजापूर, बदामी, ऐहोळे अशी ठिकाणं त्यानं कागदी निगेटिव्हवर टिपली. पुढे पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्सनं हेच काम कित्येक वर्षं केलं. या लोकांचे उपकार आहेतच. पडलेल्या कितीतरी भिंती आज फक्त त्यांच्या फोटोंत उभ्या आहेत. पण फोटोंची पुस्तकं झाली तेव्हा खाने पडले. जेम्स बर्जेसचं १८९६ चं पुस्तक मुसलमानी वास्तुकलेचं, तर कझिन्सचं १९३१ चं दख्खनच्या देवळांचं.

मी डेटाबेसवर काम करतो, त्यामुळे हा प्रकार लगेच ओळखू येतो. फॉर्ममध्ये 'धर्म' असा रकाना ठेवला आणि ड्रॉपडाउनमधून एकच पर्याय निवडायची सोय दिली, की जे दोन्हीकडचं आहे ते कुठेतरी अर्धं कापलं जातं. आता विजापूरच बघा. इब्राहिम आदिलशहा दुसरा हा तिथला सुलतान. त्याच्या 'किताब-ए-नौरस' मध्ये सरस्वतीची स्तुती आहे. त्याला कुठल्या खान्यात टाकणार?

आता तो माणूस. गुंथर सोन्थायमर, जन्म १९३४, जर्मनीतल्या उल्म गावचा. हिंदू कायद्याचा अभ्यासक म्हणून पुण्यात आला आणि धनगरांच्या देवांमागे लागला. बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा. धनगरांबरोबर फिरला, ओव्या टेप केल्या, फोटो काढले. म्युनिकचा फोटोग्राफर हेनिंग श्टेगम्युलर याच्यासोबत त्यानं वारीवर आणि खंडोबावर फिल्म केल्या. १९७६ सालचं त्याचं पुस्तक १९८९ मध्ये इंग्रजीत आलं. १९९२ मध्ये तो गेला.

त्याच्या कामात मला भावतं ते हे, की त्याला रिकामं देऊळ पुरेसं वाटत नाही. देव म्हणजे मूर्ती, आणि तिच्याबरोबर तिथं येणारी माणसं, त्यांचे मान, त्यांची जनावरं, त्यांच्या वाटा. असं बघितलं की जेजुरीचा खंडोबा वेगळाच दिसतो. लोकपरंपरेत त्याला मल्लूखान असंही नाव आहे. देवाच्या घोड्याची निगा राखायचं काम परंपरेनं मुसलमानांकडे आहे.

ही नजर घेऊन आता जोतिबाला चला. देवाचीच नावं मोजा: केदारनाथ, केदारेश्वर, रवळनाथ. ब्रह्मा, विष्णू, महेश आणि जमदग्नी यांचा एकत्र अवतार अशी श्रद्धा. म्हणजे शैव की वैष्णव, हाच रकाना आधी अडतो. जुन्या देवळाच्या जागी १७३० मध्ये राणोजी शिंदे यांनी आजचं देऊळ बांधलं, डोंगरावरच काढलेल्या काळ्या बेसॉल्टमध्ये. चोपडाईचं देऊळ १७५० चं, हिंमतबहाद्दर चव्हाणांचं. केदारेश्वराचं दुसरं देऊळ १८०८ चं, दौलतराव शिंद्यांचं. असईची लढाई हरून पाचच वर्षं झाली होती, तरी कुलदैवताच्या डोंगरावर देऊळ उभं राहिलं.

आणि याच शिंदे घराण्यात राणोजींचे पुत्र महादजी. त्यांचे गुरू कोण? बीडचे सूफी संत मन्सूरशहा. ग्वाल्हेरच्या गोरखीत शिंदे घराणं आजही त्यांच्या स्थानापुढे डोकं टेकवतं. कुलदैवत जोतिबा, गुरू मन्सूरशहा. महादजींना यात काही विसंगत वाटलं नाही.

जोतिबावरून पन्हाळा जवळच आहे. तिथल्या तीन दरवाज्यावर आदिलशाहीतला फारसी शिलालेख आहे आणि मराठ्यांच्या काळातला गणपतीही. खाली कोल्हापुरात बाबूजमाल दर्ग्याच्या प्रवेशद्वारावर गणपती कोरलेला आहे.

आता कुणी म्हणेल, सगळं गोडगोड सांगतोयस. नाही. देवळं पाडली गेली, लढाया झाल्या, ते लपवायचं कारणच नाही. पण पाडलेलंही सांगायचं आणि एकाच चौकटीत टिकलेलंही सांगायचं, तरच तो इतिहास पूर्ण होतो.

हे आत्ताच का बोलतोय? जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून याच कोल्हापुरात बंद झाला, दगडफेक झाली, इंटरनेट थांबवावं लागलं. बिग्जच्या काळी कॅमेरा सरकारकडे होता, आज तो आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. चौकटीत काय घ्यायचं, काय कापायचं आणि खाली काय लिहायचं, हे आता आपण ठरवतो. आणि क्रॉप केलेला फोटो पूर्ण फोटोपेक्षा लवकर पसरतो.

म्हणून एक साधी गोष्ट करा. पुढच्या यात्रेत सेल्फी काढाच, पण एखाद्या सासनकाठीजवळ थांबा. ती कुठल्या गावची, मान कुणाचा, दोर कोण ओढतंय, वाजवणारे कोण, हे विचारा आणि फोटोखाली लिहा. पन्हाळ्याला गेलात तर तीन दरवाज्याचा फोटो जरा मागे सरकून घ्या, लेख आणि गणपती दोन्ही येतील असा. तुमच्या गावात असं एखादं ठिकाण असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. ठिकाणाचं नाव, आणि तिथं कोणकोण येतं, एवढं सांगा.

भेटू पुढच्या भागात. जोतिबाच्या नावानं चांगभलं!