राजाचे तांबडे नाक

इंग्लंडची जुनी चांदीची नाणी जमविणाऱ्यास एक गोष्ट लवकरच उमगते: नाण्यावरील चेहरा राजाचाच असतो असे नाही. १२७९ च्या सुमारास पहिल्या एडवर्डच्या पेनीवर उमटलेला साचेबंद मुकुटधारी मुखवटा पुढे दोनशे वर्षे राजामागून राजे वापरीत राहिले. सातव्या हेन्रीने प्रथम आपली खरी मुखाकृती नाण्यावर आणली. त्याचा पुत्र आठवा हेन्री १५०९ मध्ये गादीवर आला. पण १५२६ पर्यंत त्याच्या ग्रोटवर नाव पुत्राचे आणि मुद्रा पित्याची!

पुढे युद्धांनी खजिना आटला, आणि १५४४ पासून चांदीत तांब्याची भर बेसुमार वाढली. १५४६ पर्यंत चांदी एक-तृतीयांशच उरली. टेस्टून या नाण्यावर राजाचा चेहरा समोरून कोरलेला असे. हाताळताना वरचा रुपेरी थर झिजे तो प्रथम नाकाच्या उंचवट्यावर, आणि आतले तांबे डोकावू लागे. लोकांनी राजाला ‘ओल्ड कॉपरनोज’, म्हणजे तांबडनाक्या, हे नाव देऊन टाकले.

थट्टा स्वस्त होती, व्यवहार महाग पडला. १५५१ मध्ये, हेन्रीचा पुत्र सहावा एडवर्ड राज्यावर असता, बारा पेन्सांचा टेस्टून आधी नऊ व लगेच सहा पेन्सांवर उतरविण्यात आला. ज्याच्या गाठीस श्रमाची मिळकत होती, त्याचे अर्धे धन बसल्या जागी गेले. १५६०-६१ मध्ये एलिझाबेथ राणीने हिणकस नाणी परत घेऊन वितळविली. त्या भट्टीतून निसटलेले नाक झिजलेले टेस्टून आज संग्राहक जपून ठेवतात.