खेळणाऱ्याचा अखत्यार

उत्तर ओमानातील कुमैरा खोऱ्यात, ऐन बनी सईदा या ठिकाणी उत्खनन करणाऱ्या पोलिश व ओमानी पुरातत्त्वज्ञांच्या पथकाला २०२१ च्या अखेरीस एक सपाट दगड सापडला. त्यावर चौकटी आखलेल्या होत्या, चौकटींत बोटाचे टोक बसेल अशा खळ्या होत्या, आणि दगडाचे वय सुमारे चार हजार वर्षांचे ठरले. त्याच वस्तीत तांबे गाळल्याच्या खुणाही मिळाल्या. मेसोपोटेमियाच्या मृत्तिकापटांत ज्याला मगान म्हटले आहे तो तांब्याचा मुलूख हाच, आणि याच देशाच्या रास अल्-जिंझ या किनाऱ्यावर सिंधू संस्कृतीचे काळे रांजण फुटक्या अवस्थेत निघालेले आहेत. तेव्हा भट्टी निवेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याऐवजी कोणी दोघे या दगडाभोवती बसत असतील, आणि त्यांतला एखादा परदेशी तांडेलही असेल, अशी कल्पना करायला इतिहासाची फारशी हरकत नसावी.

दगड टिकला, नियम मात्र खेळणाऱ्यांबरोबर गेले. म्हणून पुराणवस्तूंच्या यादीत ज्या प्रश्नाला रकाना नसतो तोच मला अधिक महत्त्वाचा वाटतो: त्या पटावर हुकूम कोणाचा चाले, फाशाचा की बसलेल्या माणसाचा? आपल्या दप्तरी मराठीत या हुकमाला एक नेमका शब्द आहे, अखत्यार. मुळात तो अरबी ‘इख्तियार’, म्हणजे निवड. फारसीच्या वाटेने तो आपल्या कचेऱ्यांत आला आणि निवडीचा अधिकार, मग नुसताच अधिकार, असा त्याचा अर्थ बदलत गेला. मुखत्यारपत्र लिहून देणारा गृहस्थ आपली निवड दुसऱ्याच्या स्वाधीन करतो, हे त्या शब्दाच्या पोटात अजून शिल्लक आहे.

हा अखत्यार सर्वच खेळांत सारखा नसतो. परंपरेने ज्ञानदेवांच्या नावाशी जोडला जाणारा आपला मोक्षपट घ्या: शिडी कोठे आणि साप कोठे हे आधीच ठरलेले, कवड्यांचे दान पडेल तितकी घरे मोजायची, आणि मनुष्याच्या हाती उरते ते केवळ सोंगटी उचलण्याचे श्रम. उपदेशासाठीच योजलेल्या पटावर ही पराधीनता शोभते, नव्हे, तोच त्याचा आशय आहे. सारीपाटात दान दैवाचे खरे, पण ते कोणत्या सोंगटीला द्यायचे हा विचार खेळणाऱ्याचा. त्यामुळे पौ बारा पडूनही हरणारे लोक असतात, आणि त्यांची हार अधिक बोचते. हवालीस या ओमानी खेळात तर दान मुळीच नाही.

वाळूत किंवा लाकडी पाटात सात-सात खळग्यांच्या चार ओळी, प्रत्येक खळग्यात दोन खडे, म्हणजे अठ्ठावीस खळग्यांत छप्पन्न खडे, आणि दोन माणसे: एवढीच या खेळाची सामग्री. जवळच्या दोन ओळी आपल्या, पलीकडच्या दोन प्रतिपक्षाच्या. आपल्या एका खळग्यातले सगळे खडे उचलायचे आणि पुढच्या खळग्यांत एकेक पेरीत जायचे. शेवटचा खडा भरल्या खळग्यात पडला तर तेथील सर्व खडे त्याच्यासकट उचलून पेरणी तशीच पुढे चालू ठेवायची, आणि तो रिकाम्या खळग्यात पडला म्हणजे हात थांबवायचा. आतल्या ओळीत असे थांबता आले तर समोरच्याचे खडे मारता येतात. गावोगावच्या रीतींत फरक असतो, पण सांगाडा हाच.

आता पहिली चाल हळूहळू करून पाहा. दोन खडे उचलले. पुढच्या दोन खळग्यांत टाकले. दुसऱ्यात तीन झाले. ते तीन उचलले, पुढे तीन खळग्यांत पेरले. तिसऱ्यात पुन्हा तीनच. असे एकंदर चार वेळा तीन-तीन उचलीत गेले की आपल्या चौदा खळग्यांची प्रदक्षिणा पूर्ण होते, आणि शेवटचा खडा नेमका त्याच खळग्यात येऊन पडतो, जो आपण आरंभी रिकामा केला होता. सुरुवात कोठूनही करा, मध्ये कोणी खडे मारले नाहीत तर फल हेच. मी प्रथम हे केले तेव्हा हात चुकला असे समजून पुन्हा मोजले होते. येथवर हिशेब सोपा आहे. दोन्ही बाजूंच्या चार-सहा चाली झाल्यावर मात्र खळग्यांत कोठे एक, कोठे पाच असे विषम ढीग होतात, आणि उचललेला खडा शेवटी कोठे विसावेल हे सांगायला डोक्यात दोन-तीन फेऱ्या पेरून पाहाव्या लागतात. खेळणाऱ्याला प्रत्येक पाळीत निवड एकच, कोणता खळगा उचलायचा. त्यानंतर सारे खड्यांच्या कायद्याने चालते. तरीही हा खेळ मोक्षपटाहून अनंतपटींनी स्वाधीन वाटतो, कारण ज्याला परिणाम आधी ओळखता येतो त्याच्या एका निवडीतही पुष्कळ मोठा अखत्यार मावतो.

या कुळातील खेळांना विद्वान मंकला म्हणतात. तो शब्दही अरबी, ‘नकल’ म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे, या धातूपासून आलेला. आपल्या दप्तरातील नक्कल त्याचीच बहीण. दोन ओळींचा मंकला दक्षिण हिंदुस्थानात पल्लांगुळी या नावाने घरोघर होता, परंतु चार ओळींच्या पटाचे माहेर पूर्व आणि दक्षिण आफ्रिका. मग तो ओमानात कसा? २००३ साली अलेक्झांडर द वोग्त या डच अभ्यासकाने हवालीसवर निबंध लिहून हा प्रश्न मांडला. उत्तराची दिशा समुद्राकडेच जाते. १८०६ पासून ओमानवर राज्य करणाऱ्या सय्यद सईद बिन सुलतान याने १८४० च्या सुमारास आपली राजधानी मस्कतहून झांझिबारला हलविली. लवंगांच्या बागा, हस्तिदंत आणि गुलामांचा लाजिरवाणा व्यापार यांवर ती संपन्न झाली, आणि तेथील लोकांचा आवडता खेळ होता बाओ, चार ओळी, बत्तीस खळगे, चौसष्ट बिया.

बाओत एक खळगा इतरांहून मोठा असतो. त्याला न्युम्बा म्हणजे घर म्हणतात. मारामारीच्या पाळीत पेरणी त्या घरात येऊन संपली की खेळणाऱ्याला विचारले जाते: थांबतोस, की घर मोडून त्यातल्या बिया घेऊन पुढे जातोस? पुढे जाण्याला शब्द आहे सफारी. आपली सफर ती हीच. यंत्रासारख्या फिरणाऱ्या पेरणीत ऐन मध्यावर माणसाला दिलेला हा विसावा मला साऱ्या खेळातील सर्वात मानवी नियम वाटतो.

सईद १८५६ मध्ये समुद्रप्रवासातच वारला. एक मुलगा मस्कतेत, दुसरा झांझिबारात. वाटणीचा तंटा कलकत्त्याला गेला, आणि १८६१ मध्ये इंग्रज व्हाइसरॉय लॉर्ड कॅनिंग याने झांझिबारने मस्कतेला सालिना चाळीस हजार क्राऊन द्यावेत असा निवाडा करून एका दौलतीच्या दोन केल्या. पुढे १९६४ च्या झांझिबारमधील क्रांतीत अनेक अरब मारले गेले, अनेक परागंदा झाले, आणि १९७० नंतर सुलतान काबूसच्या राज्यात कित्येक कुटुंबे ओमानात परतली. त्यांच्यापैकी पुष्कळांची घरातली भाषा स्वाहिली होती.

कॅनिंगसारखा पंच मध्ये आला की अखत्यार कोणाचा, हा वाद पाश्चात्त्यांच्या खेळांतही आहे. प्रशियाच्या राइसविट्झने १८२४ मध्ये सैनिकी अधिकाऱ्यांसाठी युद्धखेळ रचला, त्यात आज्ञा द्यायच्या त्या पंचाकडे. त्याच वंशातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये अमेरिकेत निघाला. तेथे खेळणारा वाटेल ते करू म्हणू शकतो, दार फोडू म्हणेल, राक्षसाशी सलोखा करू म्हणेल. पण फळ सांगणार पंच. पंच प्रामाणिक असेल तर ते स्वातंत्र्य अपार. त्याने गोष्टीचा शेवट आधीच मनात योजून ठेवला असेल तर तो मोक्षपटच, फक्त साप दिसत नाहीत. माझा कौल विचाराल तर तो हवालीसला आहे, कारण खड्यांना कोणाची भीड नसते.

वाचकांना एवढीच विनंती की छप्पन्न चिंचोके जमवावेत, अंगणात माती असेल तर अठ्ठावीस खळगे करावेत, नसेल तर खडूने वर्तुळे काढावीत, आणि समोर कोणाला तरी बसवावे. पहिली चाल वर सांगितली आहे, दुसरी तुमची.