अहमदनगरच्या किल्ल्यातील चहा आणि चिमण्या

मौलाना अबुल कलाम आझाद यांचे नाव आम्ही उर्दू शाळांतून दरवर्षी ११ नोव्हेंबरला घेतो. देशाचे पहिले शिक्षणमंत्री, 'अल-हिलाल'चे संपादक, काँग्रेसचे अध्यक्ष एवढे मुलांकडून पाठ करून घेतले की आमचे काम संपते. पण मौलानांच्या आयुष्यातील अत्यंत कठीण अशी पावणेतीन वर्षे आपल्या महाराष्ट्रात, अहमदनगरच्या (२०२४ पासूनच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात गेली, हे मराठी मुसलमान वाचकालाही फारसे ठाऊक नसते.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत अटक झाली आणि त्याच दिवशी काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना रेल्वेने अहमदनगरला आणण्यात आले. पंडित नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, डॉ. सय्यद महमूद, शंकरराव देव अशी ही मंडळी होती. सुरुवातीला वर्तमानपत्रेही मिळत नव्हती. बाहेर 'भारत छोडो'चा वणवा पेटलेला, आणि आत एक चौक, चार भिंती आणि मोजकी माणसे.

मौलानांनी येथे पत्रे लिहायला घेतली. ती हैदराबाद संस्थानात मोठ्या पदावर राहिलेल्या मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी या स्नेह्यांच्या नावे आहेत. 'सदीक-ए-मुकर्रम' म्हणून सुरू होणारी ही पत्रे टपालात पडायची नव्हतीच. मित्र समोर बसला आहे असे मानून केलेले ते बोलणे आहे. १९४६ मध्ये ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने छापली गेली.

या पत्रांत राजकारण जवळजवळ नाही. चहा मात्र आहे, आणि किती! मौलाना पहाटे तीन-चारला उठत आणि स्वतः चहा करीत. चहा चिनी, चमेलीच्या वासाचा. त्यात दूध घालणे त्यांच्या लेखी गुन्हाच. (आपल्याकडे दूध, साखर आणि आले घालून खळाखळा उकळलेला चहा पाहिला असता, तर मौलानांनी आम्हाला काय म्हटले असते याची कल्पनाच केलेली बरी.) कैदेतला दिवस त्या पहाटेच्या पेल्याने सुरू व्हायचा. तेवढी एक घटका सरकारची नव्हती, त्यांची स्वतःची होती.

मग चिमण्या. खोलीच्या छतात त्यांनी घरटी मांडलेली, दिवसभर काड्या-कचरा खाली पडे. मौलानांनी छत्री आणि बांबू घेऊन आधी युद्धच पुकारले, आणि त्याचे वर्णन एखाद्या मोहिमेसारखे केले आहे. चिमण्या हटल्या नाहीत. शेवटी तह झाला. तांदळाचे दाणे आधी लांब टाकले, मग जवळ, आणि पुढे त्या अंगाखांद्यावर येऊन बसू लागल्या. एकीचे नाव मोती, एक कलंदर, एक मुल्ला! अंगणात नेहरू स्वतः खणत. जमीन मुरमाड, खाली जुन्या भिंतींचे अवशेष लागत. त्यातच वाफे करून फुले लावली गेली. याच किल्ल्यात १९४४ मध्ये नेहरूंनी आपला भारतशोधाचा ग्रंथ लिहिला आणि तो तिथल्या सोबत्यांनाच अर्पण केला.

तुरुंगाधिकाऱ्याला मौलानांनी 'चीता खान' हे टोपणनाव दिले होते. चाँदबिबीच्या काळातील किल्ल्याच्या इतिहासातून उचललेले. तेच सर्वांच्या तोंडी बसले. पण थट्टेतल्या या माणसाची दुसरी बाजू पुढे दिसते.

१९४३ च्या मार्चमध्ये कलकत्त्याहून बेगम झुलेखा यांच्या गंभीर आजाराची खबर आली. अधिकाऱ्याने आपणहून सांगितले की सरकारला काही कळवायचे असेल तर मी ते ताबडतोब पुढे पाठवीन. ही माणुसकीच होती. मौलानांनी नकार दिला. नेहरू समजावायला आले, त्यांनाही तेच उत्तर. ज्या सरकारशी झुंज चालू आहे त्याच्याकडे सवलत मागायची नाही.

रोज दुपारी वर्तमानपत्र घेऊन येणाऱ्याच्या पायांचा आवाज ऐकताच मौलानांचे काळीज धडधडू लागे. पण ते मान वर न करता लिहीत राहात, पत्र टेबलावर ठेवायची खूण करीत आणि थोड्या वेळाने सावकाश उघडीत. जेवण, वाचन, झोप, कशाचीच वेळ बदलली नाही. पुढे त्यांनी स्वतःच कबूल केले आहे की हा संयम पुष्कळसा देखावा होता, त्यात अहंकाराचा वाटा होता. आम्हाला ही कबुली त्या संयमापेक्षा मोठी वाटते.

९ एप्रिल १९४३ रोजी तार आली. बेगम गेल्या होत्या. त्यानंतरच्या पत्रात, कलकत्त्याहून निघताना दारापर्यंत येऊन फक्त 'खुदा हाफिज' म्हणणाऱ्या बेगम दिसतात. किल्ल्याच्या अंगणात कोणाची तरी एक जुनी कबर होती. शेकडो वेळा पाहिलेल्या त्या कबरीशी आता काही नवेच नाते जडल्यासारखे वाटते, असे मौलाना लिहितात.

एक गोष्ट मात्र आम्हाला सलते. चहाला पानेच्या पाने आणि बेगमांना एक पत्र. कलकत्त्याच्या त्या घरात आजारी बाईजवळ कोण बसत होते, तिची स्वतःची पहाट कशी उजाडत होती, याचा हिशोब कोणत्याच पुस्तकात नाही. आमच्या घरांतल्या आयाबहिणींच्या सबराचेही असेच होते. तो गृहीत धरला जातो. मौलानांच्या नकाराला आम्ही सलाम करतो, पण त्या नकाराची किंमत दोघांनी मोजली आणि एकानेच ती लिहून ठेवली.

पुढे काही महिन्यांतच भोपाळला त्यांच्या बहिणीचेही निधन झाले. १९४५ च्या एप्रिलमध्ये मौलानांना बंगालमध्ये बांकुऱ्याला हलविण्यात आले, आणि १५ जूनला सुटका झाली. कलकत्त्यात लोकांची प्रचंड गर्दी, मोटार फुलांनी भरलेली. मौलानांनी ती आधी कबरस्तानाकडे न्यायला सांगितली, आलेल्या हारांतला एक हार बेगमांच्या कबरीवर ठेवला आणि मुकाट्याने फातिहा वाचली.