एक तार, अनेक धनी

सोलापूरच्या चादरीचें नांव ज्याच्या कानीं गेलें नाहीं असा महाराष्ट्रीय गृहस्थ विरळाच. जेकार्डच्या मागावर ती उतरतांना ज्यानें पाहिली असेल, त्यास ठाऊक असेल कीं ताणा एकच असतो. परंतु भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या आज्ञेप्रमाणें कांहीं सूत वर उचललें जातें, कांहीं खालीं राहतें, आणि त्याच ताण्यांतून मोर निघतो व काठही निघतो. आज ज्या विषयावर चार शब्द लिहावयाचे आहेत, त्याचें मर्म या मागांत सांपडतें. जमिनींत पुरलेलें तारांचें जाळें एकच. तथापि त्याचे अदृश्य भाग पाडून प्रत्येक वांटेकऱ्यास, आपलें जाळें स्वतंत्र आहे, असा अनुभव द्यावयाचा, ही ती विद्या.

ही विद्या कालपरवांची, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नव्हे. जी. आय. पी. रेल्वे १८६० सालीं सोलापुरास पोंचली (बोरघाटाचें काम तेव्हां पुरें व्हावयाचें होतें, तें १८६३ त झालें) आणि १८७१ त रायचुरास मद्रास रेल्वेला मिळाली. रुळांबरोबर तारेचे खांबही आले. हिंदुस्थानांत रेल्वेच्या कामाच्या तारा बहुधा सरकारी तारखात्यानें सांभाळाव्या व कंपनीनें भाडें भरावें, असा परिपाठ पडला. स्टेशनांतील तारऑफिसांत गाडीच्या कामाबरोबर लोकांचे संदेशही घेतले जात. म्हणजे खांब एक, परंतु त्यांवर कामें अनेक. आणि पहिला मान कोणाचा, हें ठरविणारा नियम निराळा. अर्जंट तारेस दुप्पट दर पडे तो या मानाचाच.

परंतु ही वांटणी अजून ढोबळ होती. एका तारेवरून एका वेळीं एकच संदेश जाई. त्यावर पहिला तोडगा व्हिएन्ना येथें गिंटल यानें १८५३ त सुचविला, आणि १८७२ च्या सुमारास अमेरिकेंत स्टर्न्स यानें तो व्यवहारांत आणला. आमच्याकडील तारखात्याचा विद्युत्‌शास्त्रज्ञ लुई श्वेंडलर यानें कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत १८७४ सालीं त्याची सोपपत्तिक मीमांसा केली. युक्ति अशी : पाठविणाऱ्याच्या प्रवाहाचे दोन सारखे भाग करावयाचे, एक खऱ्या तारेंत सोडावयाचा, दुसरा तितकाच विरोध असलेल्या बनावट तारेंत. दोहोंचा परिणाम परस्परांस मारतो, म्हणून स्वतःचें यंत्र मुकें राहतें. पलीकडून आलेला प्रवाह मात्र तो तोल बिघडवितो, आणि यंत्र बोलूं लागतें. एकाच तारेवर जाणारा व येणारा असे दोघे एकमेकांस न ओळखतां चालतात! पुढें फ्रान्समधील बोदो यानें फिरत्या चकतीच्या योगानें पांचचार कारकुनांस एकच तार क्षणाक्षणाला आळीपाळीनें दिली. प्रत्येकास वाटे, तार आपलीच. हल्लींच्या कांचेच्या तंतूंत घराघरांतून परत येणारा प्रकाश अशाच पाळीनें येतो.

येथवर वांटणी झाली, पण धनी एकच राहिला. १८८५ च्या तार-कायद्यानें तारेचा एकाधिकार सरकारकडे ठेवला. तो कायदा रद्द करण्यासाठीं २०२३ चा नवा कायदा आला. खरा प्रश्न तांत्रिक नाहीं. तो मालकीचा आहे. घरोघर गेलेली तांब्याची जोडी १ ऑक्टोबर २००० पासून बी. एस. एन. एल. च्या ताब्यांत आली. ती इतर कंपन्यांस भाड्यानें द्यावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २००४ सालीं केली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत निघालेल्या सरकारी धोरणानें मात्र तशी सक्ति केली नाहीं. ज्यानें चर खणले त्याच्या पैशांवर दुसऱ्यानें दुकान कां थाटावें, हा पक्ष अगदींच पोकळ नव्हता. तरीही ती संधि दवडली गेली, असें आमचें मत आहे. इंग्लंडांत २००६ सालीं ब्रिटिश टेलिकॉमच्या तारांचा कारभार ‘ओपनरीच’ या निराळ्या विभागाकडे सोंपविला, आणि एकाच जाळ्यावर अनेक दुकानदारांस सारख्या अटींवर उभें राहतां आलें. आमच्याकडे परक्याच्या जाळ्यावर धंदा करण्याचा परवाना २०१६ त निघाला. पण जाळ्याच्या मालकानें करार केला तर!

आतां तंतूकडे वळूं. एका तंतूचे फांटे पाडून बत्तीस किंवा चौसष्ट घरें त्यावर जोडतां येतात. प्रत्येक तुकड्यावर एक आंकडा चिकटवितात. १९९८ सालीं ठरलेल्या नियमाप्रमाणें असे ४,०९४ आंकडे वापरतां येतात. आंकडा पाहून यंत्र हा माल बँकेचा, हा शाळेचा, हा चित्रपटाचा, असें वेगळें करतें. एकाचें पत्र दुसऱ्याच्या पेटींत पडत नाहीं, हा लाभ मोठा. परंतु आंकड्यांनीं वेगळे झालेले हे शेजारी राहतात एकाच भिंतीआड. शेजाऱ्याकडे गर्दी झाली, आणि पहिल्या मानाचा नियम नीट घातला नसला, तर आपलीही वाट अडते.

आणि रस्ता खणतांना कुदळ लागली तर? एखादें रुग्णालय दोन निरनिराळ्या कंपन्यांकडून दोन जोडण्या घेतें. बिलें दोन येतात, नांवें दोन असतात, आणि एक बंद पडली तर दुसरी आहे असा भरंवसा असतो. दोन्ही जोडण्या एकाच चरांतून, कदाचित् एकाच तंतूवरून आल्या असल्या, तर एका घावांत दोन्ही बंद. म्हणून करारावर सही करण्यापूर्वीं कंपनीला दर किती हें विचारावें, तसाच चराचा नकाशाही मागावा.