गिलावा : इनामगावच्या कुडापासून स्लॅबच्या घरापर्यंत

‘गिलावा’ हा शब्द आपल्याला अस्सल मराठी वाटतो, पण तो फारसीतून आलेला आहे. ‘गिल’ म्हणजे माती आणि ‘आब’ म्हणजे पाणी. आज सिमेंटच्या थरालाही आपण गिलावाच म्हणतो. माती गेली, तरी नाव टिकले. मात्र मातीबरोबर तिचे एक कामही गेले: बाहेरचे ऊन बाहेरच थोपवण्याचे.

या कामाचा इतिहास आमच्या मांडवगण फराट्याच्या शिरूर तालुक्यातच फार मागे जातो. घोड नदीकाठच्या इनामगावात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. त्याच्या अहवालावर म. के. ढवळीकर, ह. धी. सांकलिया आणि झेड. डी. अन्सारी अशी तीन नावे आहेत. आपल्या मुलांना यातले तिसरे नावही माहीत असायला हवे. या महाराष्ट्राचा इतिहास खणून काढणाऱ्यांत एक अन्सारीही होते.

तिथे इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातली शंभराहून अधिक घरे सापडली. सुरुवातीची घरे चौकोनी, ऐसपैस. खाली मातीची बुटकी भिंत, वर कुड, म्हणजे काटक्यांच्या विणीवर मातीचे लिंपण, आणि माथ्यावर गवताचे छप्पर. पुढे इसवी सनपूर्व १००० च्या सुमारास चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाल्याने ही गरिबी आली, असे ढवळीकरांचे मत होते. हवामान बदलले की त्याचा मार आधी घरावर पडतो, हे आपल्या तालुक्याने तीन हजार वर्षांपूर्वीच पाहिले आहे.

कुडाची विद्या नंतरही चालत राहिली. आपल्याकडे शेताला ‘काळी’ आणि वस्तीला ‘पांढरी’ म्हणतात. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते, म्हणून घराला पांढरी माती. तिच्यात भुसा आणि शेण कालवून भिंती लिंपायच्या. भुशात अडकलेली हवा उष्णता सहज आत जाऊ देत नाही. जाड मातीची भिंत दिवसभर हळूहळू तापते, आणि तिची धग आत पोहोचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो.

राजवाड्यांनीही हेच तत्त्व वापरले. शेजारच्या अहमदनगरात (आताचे अहिल्यानगर) निजामशाहीतला फराहबाग महाल १५८३ मध्ये पुरा झाला. जाड भिंती, उंच दालने आणि चहूबाजूंनी तलाव. सुलतानाला पाण्याची गार हवा मिळाली, रयतेला शेणामातीचा गिलावा. ऊन अडवायची युक्ती दोघांचीही होती.

मग ही विद्या बदनाम का झाली? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली, त्यातली बहुतेक स्वतःच्याच घराखाली. तिथल्या माळवदावर दरवर्षी पावसाळ्याआधी मातीचा नवा थर पडायचा. कित्येक छपरे दीड-दोन फुटांची झाली होती. खाली होत्या मातीत रचलेल्या दगडांच्या, एकसंध न बांधलेल्या भिंती. त्या हादऱ्यात उकलल्या आणि सगळे ओझे झोपलेल्यांवर आले. त्यानंतर लोकांना माती नकोशी झाली, यात त्यांचे काय चुकले?

पण वजन टाकताना आपण सावलीही टाकली. मातीच्या जागी चार-पाच इंचांचा स्लॅब आला, नाहीतर पत्रा. पत्रा सकाळीच तापतो. स्लॅब दुपारभर ऊन पितो आणि रात्रभर खोलीत ओकतो. रमजान उन्हाळ्यात आला की अशा घरात रोजा ठेवून चुलीपुढे उभी राहणारी बाई हे कोणत्याही अभ्यासकापेक्षा नीट सांगेल. पंखा तिथे गरम हवाच फिरवतो, आणि एसीचे बिल सगळ्यांना परवडत नाही.

युरोपात १९७३ च्या तेलसंकटानंतर घरांना बाहेरून उष्णतारोधक थर चढवायची चाल वाढली. थर बाहेरून असला की भिंतीपर्यंत ऊन पोहोचतच नाही. पण तिथेही एक किल्लारी घडली. १४ जून २०१७ च्या रात्री लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला आग लागली. इमारतीला बाहेरून लावलेले आवरणच पेटले आणि ७२ जण गेले. रमजान होता. सेहरीसाठी जागे असलेल्या काही मुस्लिम रहिवाशांनी शेजाऱ्यांना उठवले, म्हणून कितीतरी वाचले.

या दोन्ही दुर्घटनांचा धडा एकच आहे. घराला कपडा हवा, पण तो हलका हवा आणि न पेटणारा हवा. मातीचा दीड फूट थर नको, तसे स्वस्त थर्माकोल उघडे चिकटवणेही नको. आमच्या उसाच्या पट्ट्यात पाचट मुबलक आहे आणि एकेकाळी त्यानेच छपरे शाकारली जात. आज मात्र ते शेतातच जाळले जाते. पत्र्यावर कोरडे पाचट टाकणेही धोक्याचेच. साधे उपाय आहेत: स्लॅबवर दर उन्हाळ्याआधी पांढरा चुना, पश्चिमेच्या भिंतीला पडवी किंवा वेलाचा मांडव, आणि नवे घर बांधताना दोन विटांच्या थरांमध्ये पोकळी.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आणली. घराच्या बाह्य कवचातून किती उष्णता आत यावी, याची मर्यादा तिच्यात आहे. पण घरकुल मंजूर झालेला मजूर संहिता वाचून घर बांधत नाही. तो गवंड्याचे ऐकतो. म्हणून हे बोलणे गवंड्यापर्यंत, ग्रामसभेपर्यंत, जमातीच्या बैठकीपर्यंत जायला हवे. घरकुलाचे क्षेत्रफळ २५ चौरस मीटर. एवढ्या घराला चुना द्यायला एक सकाळ पुरते. तालुक्यात कुणाचा स्लॅब पडत असेल, तर यंदा त्याला एवढे तरी सांगू या.