पान, शेंडा आणि किलो

वलगावला गेलं की पेढी नदीच्या पुलावर थांबायचं, ही आमच्या घरची रीत. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्या वाटेवर इथंच देह ठेवला. जन्मभर कीर्तनातून व्यसनांवर झोडपून बोलणारा माणूस! यंदा तिथंच उभे असताना चुलतभावानं सांगितलं, की ओळखीतल्या एका म्हाताऱ्याला तुरीत गांजाची दोन झाडं लावली म्हणून पोलिसांनी नेलं.

मला आमचे आबाजी आठवले. ते म्हणत, "सरकारच इके ना बाप्पा गांजा, चोरी कायची त्यात?" खोटं नव्हतं ते. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडात गांजाच्या दुकानांचे लिलाव होत, सरकारला महसूल मिळे. १८९३ मध्ये तर सरकारनं भांग-गांजाच्या चौकशीसाठी एक आयोगच नेमला. ११९३ साक्षी घेऊन आयोगानं सांगितलं, की बेतानं घेतला तर फारसा अपाय नाही, बंदी नको, कर लावा. (कर म्हटलं की इंग्रजांना पटायचंच म्हणा!)

मग १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार आला, आणि त्याच्या मागोमाग १४ नोव्हेंबर १९८५ पासून आपला एनडीपीएस कायदा. गंमत इथून सुरू होते. झाड एकच, पण कायद्यानं त्याचे तुकडे केले. राळ म्हणजे चरस, फुला-फळांचे शेंडे म्हणजे गांजा. नुसती पानं आणि बिया यांत येत नाहीत, म्हणून महाशिवरात्रीची भांग वाचली.

२ ऑक्टोबर २००१ पासून (तारीख बघा!) शिक्षा वजनावर आली. गांजा एक किलोपर्यंत असेल तर 'अल्प', आता जास्तीत जास्त एक वर्ष. वीस किलोच्या वर गेला की 'व्यापारी', किमान दहा वर्षं, आणि जामीन मिळणं महाकठीण. चरसाला हेच आकडे शंभर ग्रॅम आणि एक किलो. त्यामुळे तराजूत काय टाकलं यावर माणसाचं आयुष्य ठरतं. देठ, पानं, बिया सगळं एकत्र मोजलं की किलो भराभर वाढतात. मुंबई उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये एका प्रकरणात याच मुद्द्यावर जामीन दिला होता.

"मंग दोन झाडाईचं वजन किती भरीन?" भावानं विचारलं.

तिथंच तर मेख आहे. बाळगण्याला तराजू आहे, लागवडीला नाही. दोन झाडं असोत की दोन एकर, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. १९८५ च्या मूळ कायद्यात लागवडीला पाचच वर्षं होती. शिक्षेत मेळ आणायचा म्हणून जी दुरुस्ती झाली, तिनंच ती दुप्पट केली. 'पर्यंत' म्हटलंय, म्हणजे न्यायाधीश कमी देऊ शकतात, तेवढीच आशा. पण वकील, तारखा, अमरावतीच्या खेपा... सत्तरीतल्या माणसाला तीच शिक्षा होते.

भाऊ जरा वेळ पेढीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "त्यानं भांगेसाठी लावलं होतं असं सांगलं तं?"

अरे, भांगेचं झाडही तेच ना.