खाऱ्या पाण्यातले पाहुणे

समुद्रातील मासे आपल्या दाराशी आणून ठेवण्याची हौस माणसाला फार प्राचीन काळापासून आहे. प्राचीन रोममधील धनिकांनी समुद्रकाठच्या आपल्या वाड्यांभोवती खाऱ्या पाण्याची तळी बांधली होती, आणि लुकुलस नावाच्या सेनापतीने तर अशा तळ्यांत समुद्राचे पाणी खेळवण्यासाठी डोंगर फोडून पाट काढला होता. त्या तळ्यांतील मासे जगत, कारण भरतीच्या पाण्याबरोबर समुद्रच त्यांच्या भेटीस येत असे. परंतु तोच मासा समुद्रापासून तोडून बंदिस्त पात्रात ठेवला, की थोड्याच अवधीत मरे. कोणता मासा अशा पात्रात जगेल आणि कोणता जगणार नाही, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा उलगडा होण्यास गेली पावणेदोनशे वर्षे लागली. आणि त्याची किंमत, जे मासे जगले नाहीत त्यांनी मोजली.

या विद्येचा आरंभ दोन स्त्रियांच्या हातून झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सिसिली बेटावरील मेसिना येथे झान व्हिलप्रो-पॉवर या फ्रेंच विदुषीने इ. स. १८३२ च्या सुमारास ऑक्टोपसच्या वर्गातील एका प्राण्याचा अभ्यास करण्यासाठी काचेची पात्रे तयार करून घेतली. पुढे १८४६ साली ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले. शहरात ताजे समुद्रजल मिळणे कठीण. म्हणून तेच पाणी रोज उघड्या खिडकीपाशी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतून त्यात हवा मिसळण्याचे काम त्यांच्या घरची मोलकरीण करीत असे. नंतर त्यांनी पात्रात समुद्रशैवालही घातले. ही युक्ती फळास आली आणि प्रवाळ दीर्घकाळ जगले. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने वनस्पतींनी प्राणवायू सोडावा आणि प्राण्यांनी तो घ्यावा, या परस्परसमतोलाचा सिद्धांत आपल्या प्रयोगांवरून मांडला.

इंग्लंडमध्ये काचेवरील कर १८४५ साली उठला होता आणि रेल्वेचे जाळे पसरत होते. अशा वेळी फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने किनाऱ्यावरून गोळा केलेल्या प्राण्यांच्या साह्याने लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली सार्वजनिक मत्स्यगृह उघडले गेले. दुसऱ्या वर्षी गॉसचे मत्स्यालयाविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि घरोघरच्या दिवाणखान्यांत खाऱ्या पाण्याची पात्रे दिसू लागली. किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांसाठी गॉसने चार क्षारांपासून कृत्रिम समुद्रजल बनवण्याची कृतीही प्रसिद्ध केली. लोकांचे लोंढे ओहोटीच्या वेळी खडपांवर उतरले आणि मिळेल तो जीव बरणीत घालून घरी नेऊ लागले. बहुतेक पात्रांतील पाणी थोड्याच दिवसांत गढूळ होई, दुर्गंधी सुटे आणि पात्र रिकामे करावे लागे. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली लिहिलेल्या आपल्या आत्मचरित्रात, वडिलांच्या पुस्तकांनी चेतवलेल्या या हौसेपायी किनाऱ्यावरील ती रम्य डबकी कशी उजाड झाली, याबद्दल खेद व्यक्त केला आहे.

तरीही या पडझडीतून एक गोष्ट उघड झाली. खडपांतील डबक्यांत राहणारे ब्लेनी, आपल्याकडील खरबा ज्या कुळातला त्या गोबी कुळातील लहान मासे, खेकडे आणि समुद्रपुष्पे ही मंडळी पात्रात टिकत. खुल्या समुद्रात अखंड पोहणारे मासे मात्र काचेवर आपटून किंवा गुदमरून मरत. याचे कारण उभयतांच्या मूळ घरात होते. ओहोटीच्या वेळी डबके उन्हाने तापते, पावसाने त्याचे पाणी गोडसर होते, कडक उन्हात ते अधिक खारट बनते. असे हाल रोज सोसणाऱ्या माशाला माणसाच्या हातचे पात्र फारसे परके वाटत नाही. मासा निवडताना त्याचे घर पाहावे, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा पाण्याचा होता. विल्यम अल्फोर्ड लॉईड हा लंडनमधील मत्स्यालयाच्या साहित्याचा व्यापारी होता. त्याने असे ताडले की, प्रेक्षकांसमोरील पात्रापेक्षा कितीतरी मोठा पाण्याचा साठा अंधाऱ्या टाकीत ठेवून ते पाणी पंपाने सतत फिरवीत राहिल्यास ते स्वच्छ राहते. हॅम्बुर्ग येथे १८६४ साली आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली त्याने ही योजना यशस्वी करून दाखवली. नेपल्स येथे आन्टोन डोर्न याने स्थापन केलेल्या प्रसिद्ध सागरी संशोधनकेंद्राचे मत्स्यालय १८७४ साली उघडले, त्यालाही लॉईडच्या अनुभवाचा लाभ झाला होता.

ही योजना का यशस्वी होते याचा शास्त्रीय उलगडा मात्र पुढे झाला. माशाच्या कल्ल्यांवाटे व विष्ठेतून जो अमोनिया पाण्यात मिसळतो, तो त्यालाच विषासारखा बाधतो. काही सूक्ष्मजंतू त्या अमोनियाचे नायट्राइट आणि दुसरे काही त्या नायट्राइटचे पुष्कळच कमी घातक असे नायट्रेट करतात. हे काम सजीवांचे आहे असे श्लेझिंग व म्युन्ट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ साली दाखवले. पुढे १८९० च्या सुमारास रशियन शास्त्रज्ञ विनोग्राद्स्की याने ते जंतू वेगळे काढले. नव्या पात्रात या जंतूंची वस्ती जमण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. पात्र आणले त्याच दिवशी त्यात मासे सोडणाऱ्या हौशी गृहस्थाचे मासे का मरतात, याचे उत्तर या चार-सहा आठवड्यांत आहे.

आपल्या देशात मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर १९०९ साली मत्स्यालय उघडले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. याच सुमारास विमानवाहतूक वाढली आणि उष्ण समुद्रांतील प्रवाळभिंतींवरचे रंगीबेरंगी मासे दूरदूरच्या शहरांत पोहोचू लागले. १९६१ साली जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी समुद्रातील सजीव खडकच पात्रात ठेवून पाणी निर्मळ राखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याच दशकात तयार समुद्री क्षारांची पाकिटे बाजारात आली. त्यामुळे समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या इंदूर, ग्वाल्हेर किंवा हैदराबादसारख्या शहरांतही नळाच्या पाण्यातून समुद्र सिद्ध करणे शक्य झाले.

पाणी साधले, तरी मासे मरतच राहिले. आता अडचण अन्नाची होती. प्रवाळभिंतीवरील मासे पिढ्यान्‌पिढ्या एकेका ठरावीक अन्नावर पोसलेले असतात. फुलपाखरी माशांच्या काही जाती जिवंत प्रवाळांखेरीज दुसरे काही खात नाहीत. मूरिश आयडॉल हा डौलदार मासा बहुतांशी स्पंजांवर जगतो आणि पात्रात बहुधा उपाशी मरतो. मँडरिन मासा दिवसभर खडकांवरचे अतिसूक्ष्म कवचधारी जीव टिपत असतो. लहान व नव्या पात्रातला हा साठा लवकरच संपतो आणि मासा हळूहळू खंगत जातो. इतर माशांच्या अंगावरील परोपजीवी खाऊन पोट भरणाऱ्या निळ्या सफाईमाशाला चार माशांच्या पात्रात पोटापुरते काम मिळत नाही. घोडामाशाला जठर नसते. त्याला दिवसातून अनेकदा खावे लागते आणि चपळ माशांच्या पंगतीत तो मागे पडतो. यांतील प्रत्येक मासा दिसण्यात अत्यंत देखणा आहे. रंगाला भुलून मासा निवडणाऱ्याची फसगत होते ती इथेच.

तिसरा धडा अधिक कटू आहे. फिलिपाइन्स बेटांत १९६० च्या सुमारास प्रवाळांच्या भेगांत सायनाइडचे पाणी फवारून माशांना गुंगी आणण्याची आणि मग ते पकडण्याची रीत सुरू झाली, आणि पुढे ती शेजारच्या देशांतही पसरली. या विषाने प्रवाळ मरतात आणि माशाच्या अंतर्गत इंद्रियांना इजा होते. दुकानात असा मासा ठणठणीत दिसतो. घरी आणल्यावर काही दिवसांनी वा आठवड्यांनी विनाकारण मेल्यासारखा मरतो. अशा वेळी दोष घेणाऱ्याच्या पाण्यात नसून समुद्रातील त्या एका क्षणात असतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २००३ सालच्या अहवालात, सागरी शोभिवंत माशांचा जागतिक व्यापार वर्षाला २ ते २.४ कोटी नगांचा असल्याचा अंदाज दिला होता. पात्रात न टिकणारे सफाईमासे व मँडरिनसुद्धा मोठ्या संख्येने विकले जातात, याकडेही त्या अहवालाने लक्ष वेधले.

या अंधारात आशेचा किरण आला तो पैदाशीच्या प्रयोगांतून. समुद्रपुष्पाच्या आश्रयाने राहणारा नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा विदूषक मासा आपली अंडी खडकाला चिकटवतो आणि नर त्यांची निगराणी करतो. त्याची पिले जन्मतःच इतकी मोठी असतात की, रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव ती खाऊ शकतात. त्यामुळे १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत त्याची व्यापारी पैदास साध्य झाली. भारतात केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने विळिंजम व मंडपम येथील केंद्रांत विदूषक माशांच्या पैदाशीचे तंत्र बसवले. याउलट सर्जन माशांची अंडी पाण्यावर तरंगत दूर जातात आणि त्यांची पिले अतिशय नाजूक असतात. म्हणून पिवळा सर्जन मासा हवाई बेटांवर २०१५ साली, तर निळा सर्जन मासा फ्लोरिडात २०१६ साली प्रथमच पात्रात वाढवता आला. इंडोनेशियातील बांगाई कार्डिनल माशाची कथा दोन्ही अंगांनी बोलकी आहे. त्याचा नर अंडी व पिले तोंडात सांभाळतो, त्यामुळे त्याची पैदास सुलभ आहे. तरीही समुद्रातून त्याची इतकी लूट झाली की, २००७ साली त्याचे नाव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घालावे लागले.

या साऱ्या इतिहासाचा व्यवहारातील निष्कर्ष फार सरळ आहे. पैदास केंद्रात जन्मलेला मासा काचेतच वाढलेला असतो, तयार खाद्य त्याच्या परिचयाचे असते आणि त्याच्यासाठी समुद्रातील एकही जीव उपटावा लागलेला नसतो. म्हणून विदूषक मासा व बांगाई कार्डिनल यांसारख्या जाती नवशिक्याने प्रथम निवडाव्यात. डॅम्सेल मासे चिवट खरे, परंतु ते भांडखोर असल्याने मागाहून येणाऱ्यांना सुखाने राहू देत नाहीत. सर्जन माशाला पोहण्यास मोठी जागा लागते. दुकानातील बोटभर पिलू उद्या वीतभर होणार आहे, हे ध्यानी धरावे. विकत घेण्यापूर्वी मासा दुकानदाराच्या हातचे खातो का, त्याचे डोळे स्वच्छ आहेत का, श्वास संथ आहे का आणि पोट व पाठ खपाटीला गेलेली नाहीत ना, हे स्वतः पाहावे. त्यानंतरही काही आठवडे त्याला वेगळ्या पात्रात ठेवावे, म्हणजे रोग असल्यास तो इतरांस लागत नाही. घोडामासे व खडे प्रवाळ यांना भारतात २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले, याचाही हौशी माणसाने विसर पडू देऊ नये.

ॲना थिन यांच्या घरी पाणी ओतणाऱ्या त्या मोलकरणीच्या जागी आज विजेचा पंप आला आहे. परंतु काचेपलीकडील माशाला अजूनही स्वतःचे घर निवडता येत नाही. ती निवड त्याच्या वतीने माणूस करतो, आणि माशाचे आयुष्य बहुधा त्या निवडीच्या क्षणीच ठरून गेलेले असते.